पावसाळी गटार आणि भुयारी गटार वेगळे करण्याचे काम आपल्याच आवारात अडले आहे : वाघाडीकाठच्या एका गल्लीचा अनुभव

वाघाडीकाठ

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे शेवटचा पाऊस होऊन सहा-सात महिने उलटून गेलेले असताना, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पावसाळी गटाराची जाळी आम्ही तिघांनी मिळून उचलली, तेव्हा आत चार बोटे पाणी वाहत होते. पाणी करडे होते, त्यावर साबणाचा फेस होता. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी टाकलेल्या नळात ऐन उन्हाळ्यात पाणी वाहत असेल, तर ते कोणाच्या तरी घरातूनच येत असणार. हे गटार दोनशे पावलांवर वाघाडी नाल्यात मोकळे होते आणि वाघाडी पंचवटीतून वाहत येऊन रामकुंडाच्या खालच्या अंगाला गोदावरीला मिळते. आमच्या गल्लीपासून गोदावरीपर्यंतच्या या वाटेवर कोठेही मलनिस्सारण केंद्र लागत नाही.

आपल्या नाशिक शहरात भुयारी गटार वेगळे आणि पावसाळी गटार वेगळे, अशीच रचना कागदावर आहे. भुयारी गटाराने घरातले मलजल आणि सांडपाणी तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर अशा ठिकाणच्या केंद्रांकडे न्यायचे आणि पावसाळी गटाराने गच्चीवरचे व रस्त्यावरचे पाणी थेट जवळच्या नाल्यात सोडायचे. लंडन किंवा कोलकाता या शहरांत एकोणिसाव्या शतकात मुद्दामच दोन्ही पाण्यांसाठी एकच मोठे गटार बांधले गेले. आपल्याकडे तसे कोणी ठरवले नाही. आपल्याकडे दोन नळ रस्त्याखाली शेजारी शेजारी आहेत, पण घरांच्या जोडण्या करताना ते एकमेकांत मिसळले गेले, आणि परिणाम एकत्रित गटारासारखाच झाला.

आम्ही तीन रविवार गल्लीतल्या अकरा इमारतींची पाहणी केली. पद्धत साधी होती. एका घरातल्या मोरीत, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणि ड्राय बाल्कनीतल्या जाळीत पाळीपाळीने पाण्यात विरघळणारा हिरवा रंग टाकायचा, वर दोन बादल्या पाणी ओतायचे आणि रस्त्यावरच्या दोन्ही चेंबरांची झाकणे उघडून रंग कोणत्या नळातून येतो ते पाहायचे. चार इमारतींत कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी गच्चीवरून खाली येणाऱ्या पावसाच्या पाइपात सोडलेले आढळले. बाल्कनी बंद करून तेथे यंत्र ठेवले गेले, जवळ दुसरा पाइप नव्हता, म्हणून प्लंबरने हाताशी असलेल्या पाइपाला भोक पाडले, असे प्रत्येक ठिकाणी घडले आहे. एका जुन्या बंगल्याचे संपूर्ण स्वयंपाकघर पावसाळी गटाराला जोडलेले निघाले. याच्या उलट, दोन इमारतींत गच्चीचे सगळे पाणी भुयारी गटाराच्या चेंबरमध्ये उतरते. आमच्या इमारतीचा समावेश या शेवटच्या दोहोंत आहे, आणि आमच्या बिल्डरने दिलेल्या नकाशात मात्र दोन्ही नळ वेगवेगळे दाखवलेले आहेत.

पहिल्या प्रकारच्या चुकीमुळे बाराही महिने सांडपाणी नदीत जाते. दुसऱ्या प्रकारामुळे पावसाच्या दिवसांत भुयारी गटाराच्या चेंबरची झाकणे उचलली जातात आणि मलजल रस्त्यावर येऊन, उताराने वाहत, शेवटी त्याच पावसाळी जाळीत शिरते.

हा विषय आत्ताच काढण्याचे कारण सिंहस्थ आहे. नाशिकच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. 2015 मध्ये ती 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 18 सप्टेंबर या दिवशी झाली, आणि 2027 मध्येही ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येणार आहेत. म्हणजे ज्या दिवसांत लाखो लोक गोदावरीत उतरतात, नेमक्या त्याच दिवसांत ही मिसळ सर्वांत वाईट असते. उन्हाळ्यात नदी स्वच्छ दिसावी म्हणून केलेले उपाय तेव्हा कामाला येतील का, याची मला काळजी वाटते.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे, आणि इतर भागांतील रहिवाशांनी आपापल्या गल्लीतली स्थिती सांगावी, अशी विनंती आहे.

---

निवृत्त अभियंता

आपण उन्हाळ्यात जाळी उचलून पाहिलीत, हे फार योग्य केलेत. कोरड्या दिवसांतला प्रवाह पाहणे हीच या कामातली पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

गच्चीचे पाणी भुयारी गटारात गेल्याने काय बिघडते, हे अनेकांना पटत नाही. पाणी तर स्वच्छच आहे, असे म्हटले जाते. म्हणून थोडा हिशेब मांडतो. सोळा सदनिकांची इमारत धरू, प्रत्येक घरी चार माणसे, म्हणजे 64 माणसे. आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्याच्या 80 टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते असे मानतात, म्हणजे माणशी 108 लिटर. संपूर्ण इमारतीचे दिवसाचे सांडपाणी झाले सुमारे 6,900 लिटर. आता त्याच इमारतीची 3,000 चौरस फुटांची गच्ची घ्या. तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला, जो नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये नवलाचा नाही, तर त्या गच्चीवरून जवळपास 7,000 लिटर पाणी खाली येते. याचा अर्थ, एका तासाच्या सरीने इमारतीच्या पूर्ण दिवसाच्या सांडपाण्याइतके पाणी नळात लोटले. लहान वस्तीसाठी भुयारी गटाराचा नळ ठरवताना सकाळच्या गर्दीच्या वेळी सरासरीच्या तिप्पट प्रवाह येईल असे धरतात. पण ही सर त्या तिपटीच्याही आठपट आहे. तिच्यापुढे झाकण उचलले जाणार नाही तर काय होणार?

आणि जे पाणी रस्त्यावर न येता केंद्रापर्यंत पोहोचते, तेही त्रासच देते. मलनिस्सारण केंद्रात घाण खाण्याचे काम जिवाणू करतात. त्यांना ठरावीक वेळ आणि ठरावीक दाटीचे मलजल लागते. पावसाचे पाणी घुसले की टाक्यांतला मुक्काम कमी होतो, जिवाणूंचा गाळ पाण्याबरोबर वाहून जातो आणि केंद्राच्या क्षमतेपलीकडचे पाणी तसेच पुढे सोडण्याची वेळ येते. केंद्रे कितीही वाढवली तरी गच्च्या त्यांना जोडलेल्या असतील, तर ती पावसाळ्यात अपुरीच पडतील.

---

तिवंध्याची रहिवासी

धाग्यातील विचार पटला, पण जुन्या नाशिकचे काय, हा प्रश्न मांडते. तिवंधा, भद्रकाली, दहीपूल या भागांत काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरासमोरच्या वाड्यांतली माणसे हात लांब करून वस्तू देऊ शकतील. वाड्यांच्या मोऱ्यांचे पाणी कित्येक पिढ्या एकाच उघड्या गटारातून वाहत आले आहे, पागोळ्यांचे पाणीही त्यातच पडते. आमच्याकडे दुसरा नळ टाकायला रस्त्याखाली जागाच नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ, वीजवाहिन्या आणि जुन्या जोत्यांचे दगड यांनी सगळी जागा व्यापलेली आहे. सराफ बाजारात जोराचा पाऊस झाला की सरस्वती नाल्याचे पाणी दुकानांत शिरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो नाला झाकला गेला, त्यामुळे त्यात काय काय मिसळते हे आता दिसतही नाही.

नव्या वसाहतींसाठी जो नियम लावाल तो आमच्या भागाला जसाच्या तसा लावला, तर एक तर वाडे पाडावे लागतील किंवा काम कायमचे रखडेल.

---

निवृत्त अभियंता

ताई, आपला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो तांत्रिकदृष्ट्याही मान्य केला जातो. गावठाणासारख्या दाट भागात एकत्र वाहणारे गटार तसेच ठेवून, ते नदीला मिळण्याच्या आधी एक आडवा नळ घालतात. कोरड्या दिवसांतले सगळे आणि पहिल्या सरीचे काही पाणी त्या आडव्या नळाने पंपिंग केंद्राकडे वळवले जाते. जेथे दुसरा पर्यायच नाही तेथे हा उपाय योग्य आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. जेथे दोन नळ आधीच आहेत, जेथे केवळ जोडण्या बदलायच्या आहेत, अशा वसाहतींतही नाल्याच्या तोंडाशी लहानसा बांध घालून पाणी वळवण्याचाच उपाय केला जातो, कारण तो एका ठिकाणी, एका निविदेत पूर्ण होतो आणि घरोघरी जाऊन कोणाशी वाद घालावा लागत नाही. असा बांध वर्षातले आठ महिने उत्तम काम करतो. पावसाळ्यात मात्र नाल्याला पाणी येताच ते बांधावरून उलटते, आणि सोबत आठ महिने नळांच्या तळाशी बसलेला गाळही नदीत जातो. मूळ लेखातली सिंहस्थाची शंका रास्त आहे, ती याच कारणाने.

ज्या शहरांनी पूर्वी एकच गटार बांधले त्यांना पुढे केवढी किंमत मोजावी लागली, हेही पाहण्यासारखे आहे. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली, त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांनी बांधलेली भव्य गटारे दीडशे वर्षे टिकली, परंतु ती एकत्रित असल्यामुळे पाऊस आला की मलजल टेम्समध्ये उलटत राहिले. ते अडवण्यासाठी नदीच्या खालून सुमारे 25 किलोमीटरचा बोगदा खणावा लागला आणि तो 2025 मध्ये पूर्ण जोडला गेला. आपल्याकडे बहुतेक वसाहतींत दुसरा नळ आधीच आहे, ही आपली जमेची बाजू आहे.

---

परदेशस्थ नाशिककर

मी अमेरिकेत पोर्टलंड येथे राहतो, मूळचा गंगापूर रोडचा. येथील विलामेट नदीचीही अशीच स्थिती होती. पाऊस पडला की एकत्रित गटारे नदीत उलटत असत. 1991 ते 2011 अशी वीस वर्षे, सुमारे 1.4 अब्ज डॉलर खर्च करून, येथे नदीच्या दोन्ही काठांनी मोठे बोगदे खणले गेले. परंतु त्या मोठ्या कामाच्या जोडीने, 1993 पासून, शहराने एक अगदी लहान काम हाती घेतले होते : घरांच्या छपरांवरून येणारे पन्हाळीचे पाइप गटारातून सोडवून अंगणातल्या मातीत वळवायचे. अशा 56,000 हून अधिक पन्हाळी सोडवल्या गेल्या. शहराने घरमालकांना त्यासाठी पैसे दिले किंवा स्वयंसेवकांनी ते काम करून दिले. या सगळ्यानंतर विलामेट नदीत उलटणारे पाणी 94 टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे अंगणे लहान आहेत आणि पाऊस चार महिन्यांत एकवटलेला आहे, त्यामुळे मातीत मुरवण्याचा मार्ग तसाच चालेल असे मी म्हणणार नाही. मात्र छपरांचे पाणी गटारातून सोडवणे हे घरोघरीचे किरकोळ काम म्हणून पोर्टलंडमध्ये बाजूला टाकले गेले नाही, एवढे मला सांगावेसे वाटते.

---

सोसायटीचा सचिव, इंदिरानगर

प्रामाणिकपणे माझी अडचण मांडतो. आमच्या सोसायटीत वार्षिक सभेत हा विषय मी दोनदा घेतला. पहिला प्रश्न येतो, खर्च कोणी करायचा? ज्याने बाल्कनीत यंत्र बसवले त्याने, की सोसायटीने? दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो : नासर्डी नदीला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींपासून एवढे पाणी येऊन मिळते, त्यात आपल्या बत्तीस घरांचे कपड्यांचे पाणी थांबवून काय फरक पडणार? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि विषय पुढच्या सभेवर गेला. संबंधित कार्यालयात अर्ज दिला होता, त्याचे उत्तर आले नाही.

---

चांदोरीचा शेतकरी

सचिवसाहेब, आपल्या सभेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावी येऊन पाहावे. आम्ही निफाड तालुक्यात, नाशिकच्या खाली नदीकाठी राहतो. शहर जे सोडते ते आमच्याकडे येते. नदीचे पात्र हिवाळ्यापासून पानवेलींनी इतके भरते की काठावरून पाहणाऱ्याला हिरवे शेतच वाटावे. पानवेल वाढते ती मलजलातल्या नत्र आणि स्फुरदावर. आम्ही शेतकरी खताच्या गोणीवर जे घटक वाचतो तेच ते घटक. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हमध्ये वेली अडकतात, पाण्याला वास येतो, जनावरे तोंड लावत नाहीत. पूर आला की या वेलींचे ढीगच्या ढीग सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात आणि पाणी गावात पसरते. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमची घरे पाण्यात होती.

हेच पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात साठते. तेथील पाणथळ जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, मिळाल्याचे जानेवारी 2020 मध्ये जाहीर झाले, महाराष्ट्रातली ती पहिली रामसर जागा आहे. दूरदेशीचे पक्षी तेथे हिवाळ्यात उतरतात आणि तेही तुमच्या-आमच्या याच पाण्यावर राहतात. बत्तीस घरांचे पाणी कमी झाले तर ते बत्तीस घरांनी कमी झाले, असे आम्ही धरतो. आम्हाला ते मोजता येते, कारण आमच्याकडे ते साचून राहते.

---

विज्ञान शिक्षिका

चांदोरीच्या दादांचा प्रतिसाद वाचून फार वाईट वाटले. त्यांच्या म्हणण्याला एक जोड देते, ती गैरसमज होऊ नये म्हणून. दोन्ही गटारे पूर्णपणे वेगळी झाली तरी पावसाळी गटारातून नदीत जाणारे पाणी शुद्ध नसेल. रस्त्यावर सांडलेले तेल, टायरांची झीज, शेण, प्लॅस्टिक, बाजारातला कचरा हे सारे पहिल्या दोन-तीन सरींत धुऊन नाल्यात जाते. म्हणून मृगाच्या आधी रस्ते झाडणे आणि जाळ्यांपुढचा कचरा उचलणे हे काम उरतेच. तसेच केंद्रात प्रक्रिया झालेल्या पाण्यातही नत्र-स्फुरद शिल्लक राहू शकते, ते काढण्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. त्यामुळे केवळ जोडण्या बदलल्याने पानवेल नाहीशी होईल, असे आश्वासन आपण चांदोरीकरांना देऊ नये.

तरीही मलजल वेगळे काढण्याला पर्याय नाही, कारण रोगजंतू तेथूनच येतात. स्नानासाठीच्या पाण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष पाहा : दर लिटरमागे जैविक प्राणवायूची मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमहून जास्त नको, विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि 100 मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू 2,500 च्या वर नकोत, खरे तर 500 च्या आत असावेत. कच्च्या मलजलाच्या 100 मिलिलिटरमध्ये हे जिवाणू लाखोंच्या, कधी कोट्यवधींच्या संख्येने असतात. म्हणून शौचालयाची एखादी चुकलेली जोडणीसुद्धा लहान नाल्यासाठी क्षुल्लक ठरत नाही. टाकळीला, नासर्डी आणि गोदावरीच्या संगमावर, समर्थ रामदासांनी बारा वर्षे रोज सकाळी पाण्यात उभे राहून जप केला, असे आपण मुलांना सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, त्या पाण्यात आता उभे राहता येईल का? मी नाही म्हणाले, आणि पुढे बराच वेळ वर्गात कोणी काही बोलले नाही.

---

निवृत्त अभियंता

एक सूचना सर्वांना आग्रहाने करतो. तपासणीच्या उत्साहात कोणीही भुयारी गटाराच्या चेंबरमध्ये उतरू नये, डोकेही आत घालू नये. आत हायड्रोजन सल्फाइड वायू साचलेला असतो. तो जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे प्राणघातक ठरते. चेंबर तुंबले तर सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवून ते साफ करून घेणे हे 2013 च्या कायद्याने निषिद्ध आहे. गच्च्यांचे पाणी गाळ घेऊन भुयारी गटारात उतरते, नळ तुंबतात आणि मग ते मोकळे करण्यासाठी कोणाला तरी आत उतरवले जाते, हाही या चुकीच्या जोडण्यांचाच परिणाम आहे.

खर्चाबद्दल सचिवांना सांगतो. यंत्राचे पाणी वळवण्यासाठी बहुतेक इमारतींत नवीन खोदकाम लागत नाही. बाल्कनीतल्या पाइपापासून जवळच्या मोरीच्या नळापर्यंत उतार देऊन वेगळा पाइप न्यायचा, खाली गली ट्रॅप (वास आणि कचरा अडवणारा सापळा) बसवायचा आणि पावसाच्या पाइपाला पाडलेली भोके बंद करायची. पाइप घरमालकाचा, उभा नळ आणि ट्रॅप सोसायटीचा, अशी वाटणी केली तर सभेत वाद कमी होतो. गच्चीचा पाइप भुयारी चेंबरमधून सोडवणे थोडे खर्चाचे आहे, कारण रस्त्याकडच्या पावसाळी चेंबरपर्यंत आवारात चर खणावा लागतो. शक्य असेल तेथे तो आधी शोषखड्ड्यात सोडून जादा पाणीच बाहेर काढावे.

---

वाघाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांचा गच्चीचा हिशेब मी छापून आमच्या सूचनाफलकावर लावला आणि त्यानंतर झालेल्या सभेत वाद जवळजवळ झालाच नाही. काय झाले ते थोडक्यात कळवतो.

चारपैकी तीन इमारतींनी यंत्रांचे पाइप बदलले आहेत. आम्ही पुन्हा रंग टाकून पाहिला. तो आता भुयारी चेंबरमध्ये येतो, पावसाळी नळ त्या बाजूने कोरडा आहे. चौथ्या इमारतीत बरीच घरे भाड्याने दिलेली असल्यामुळे मालकांशी पत्रव्यवहार चालू आहे. आमच्या इमारतीचा गच्चीचा पाइप सोडवण्यासाठी आवारात चर खणला गेला, नव्वद सेंटिमीटरवर काळा कातळ लागला आणि कामाला दोन दिवसांऐवजी सहा दिवस लागले.

जुन्या बंगल्यातले आजोबा सुरुवातीला ऐकूनच घेत नव्हते. चाळीस वर्षे असेच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. एका सकाळी त्यांच्याच सिंकमध्ये रंग टाकून आम्ही त्यांना खुर्चीसह वाघाडीच्या काठावर नेले. हिरवे पाणी नळातून नाल्यात पडताना त्यांनी पाहिले, आणि परत येताना त्यांनी विचारले, की तुमचा प्लंबर कधी मोकळा आहे? काम या आठवड्यात सुरू होते आहे.

तिवंध्याच्या ताईंना विनंती, की सरस्वती नाल्याच्या भागात काय करता येईल यासाठी वेगळा धागा काढावा. तेथील उपाय वेगळे आहेत हे मला पटले आहे आणि ते येथे मिसळले तर दोन्ही विषय अपुरे राहतील.

पुढच्या गल्लीची पाहणी येत्या रविवारी सकाळी सात वाजता आहे. पावसाळी जाळीपासून सुरुवात करून आम्ही वरच्या अंगाला जाऊ. येणाऱ्यांनी हातमोजे, विजेरी आणि झाकण उचलण्याचा लोखंडी आकडा आणावा, रंग आमच्याकडे आहे. भुयारी चेंबरची झाकणे उघडून पंधरा मिनिटे तशीच ठेवू आणि लांबूनच पाहू. कोणीही आत उतरणार नाही.